लाल लोकर, हिरवी लोकर

१. फायदा कुणाचा

दीनानाथ सबनिसांच्या घरचं इंटरनेट ऐन दसऱ्याच्या सकाळी मेलं. त्यात हिंमतराव घोरपड्यांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून टाकतो, कारण सोसायटीत सगळ्यांची बोटं पहिल्यांदा त्यांच्याकडेच वळली.

पडणार होतं ते असं. सबनिसांच्या अभिजितनं घरच्या कॉम्प्युटरवर फुकटात मिळणारं लिनक्स बसवलं, तेव्हा हिंमतराव भर मीटिंगमध्ये म्हणाले होते, "ज्याची पावती नाही, त्याची गॅरंटी कोण देणार?" सगळे हसले होते. ते हसू हिंमतरावांच्या खात्यावर नावे पडून राहिलं होतं आणि त्याची वसुली करायला इंटरनेटचं मरण पुरेसं होतं. शिवाय त्यांच्या भाच्याच्या ओळखीचा गोरवा भागातला एक दुकानदार, 'फॉरमॅट' मारून सगळ्यांच्या घरी असतं तेच बसवून द्यायला केव्हाचा तयार होता. म्हणजे शब्द खरा ठरला, भाच्याचा मान राहिला, आणि वर संध्याकाळी खालच्या बाकावर सांगायला एक गोष्ट.

गोष्ट २००४ सालची. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत तेव्हा गच्चीवरून गच्चीवर निळ्या वायरी जायच्या आणि त्यांच्यावर कबुतरं ओळीनं बसायची. नेट गेलं की लोक आधी बाल्कनीत यायचे. "तुमचं चालू आहे का?" "नाही हो, तुमचं?" कुणाचंच चालू नाही असं कळलं की केवढं समाधान वाटायचं! आता सगळं भिंतीतून आणि हवेतून येतं. कोण बाल्कनीत येतंय?

सबनिसांच्या घरातून एकच कनेक्शन तीन घरांत जाई. खाली हिंमतराव, वर फिजिक्सच्या शिकवण्या घेणारी संपदा आणि मध्ये स्वतः सबनीस. बाहेरची वायर सबनिसांच्या कॉम्प्युटरच्या पाठीत शिरे आणि दुसरी वायर तिथूनच शेजाऱ्यांकडे निघे. दोन वायरी, दोन खाचा, दिसायला अगदी जुळ्या. म्हणून अभिजितनं आईच्या विणकामातली लोकर उचलली होती. बाहेरच्या वायरीला लाल, शेजाऱ्यांच्या वायरीला हिरवी. आणि खाचांच्या शेजारी आईच्याच टिकल्या चिकटवल्या होत्या, एक लाल, एक हिरवी.

एवढी सोय केल्यावर चूक व्हायला जागाच नव्हती. तरीही दसऱ्याच्या सकाळी तिन्ही घरं एकदम मुकी झाली.

आणि सबनिसांच्या घरी त्या मुकेपणाची किंमत इतरांपेक्षा फार जास्त होती.

२. काळी चौकट

दीनानाथ सबनीस सरकारी दफ्तरातून निवृत्त झालेले. आजोबा संस्थानच्या खाजगी कारभारात होते. त्यांचा बोरू आणि पितळी दौत अजून घरात आहे. अशा घरातल्या मुलानं गोरव्याच्या कारखान्यातली, वडिलांनी शब्द टाकून मिळवलेली कायम नोकरी सोडली आणि बंगळूरला, प्रोग्रॅम लिहून फुकट वाटणाऱ्या कुठल्याशा कंपनीत गेला.

"फुकट वाटायला शिकलास ना? मग आमची माणसंही वाटून टाक," असं दीनानाथ निघताना म्हणाले होते. त्यावर मुलगाही काहीतरी बोलला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. फोन आला की अभिजितची आई, चारुलताबाई, घेत. "बाबा बरे आहेत का विचारतोय," असं त्या रिसीव्हर हातात धरून सांगत आणि दीनानाथ पेपर उलटत म्हणत, "आहेत म्हणावं."

पण संध्याकाळी एक गंमत होई. अभिजित बंगळूरहून त्या कॉम्प्युटरमध्ये शिरे. लिनक्समध्ये ती सोय असते. दूर बसलेला माणूस आपल्या मशीनची झाडलोट करू शकतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक काळी चौकट कायम उघडी असे. झाडलोट झाली की तिच्यात इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ उमटे: जागा साफ केली. गोळी घेतली का?

दीनानाथ एका बोटानं टाइप करत: घेतली.

बस्स. ना तीर्थरूप, ना चिरंजीव. पण त्या एका शब्दासाठी ते संध्याकाळी फिरायला जाणं लवकर आटपत. आम्ही बाकावरून बघायचो, सबनीस घड्याळाकडे बघून उठले की कुणीतरी म्हणे, "चालले, मशीनला गोळी द्यायला."

दसऱ्याच्या सकाळी ती चौकट निपचित पडली. दीनानाथांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग ते खाली उतरले आणि हिंमतरावांना म्हणाले, "बोलवा तुमच्या त्या दुकानदाराला. पुसून टाका सगळं."

हिंमतराव खूश. "आजच येईल. सोनं वाटून झालं की लगेच. दसऱ्याचा मुहूर्त आहे, नवं बसवायला याहून चांगला दिवस नाही!"

पुसलं की अभिजितचं येण्याचं दारही पुसलं जाणार होतं. हे दीनानाथांना ठाऊक होतं का? होतं. तरीही ते पुसायला निघालेत हे कळलं, म्हणून संपदा त्यांच्या घरी धावली.

३. दोन दिवे

संपदाला त्या मशीनची ओळख होती. जाण्याआधी अभिजितनं तिला चार गोष्टी दाखवून ठेवल्या होत्या.

"काका, पुसायच्या आधी मला बघू दे."

"बघ की. पण मला नाही वाटत त्याच्यात काही राम उरलाय," दीनानाथ म्हणाले. त्यांचा आवाज जरा जास्तच कोरडा होता.

फाफडा-जिलबीचा पुडा घेऊन हिंमतराव आधीच खुर्चीत बसले होते. "घ्या संपदाताई, गरम आहे. तुमचं लिनक्स थंड झालं तरी आमची जिलबी गरम."

"हिंमतकाका, तुमच्या घरीपण बंदच आहे ना?"

"बंद म्हणजे? परवापासून पत्त्यांचा डाव अर्धा राहिलाय माझा!"

संपदानं पहिल्यांदा मागे वाकून पाहिलं. दोन्ही खाचांशेजारचे हिरवे दिवे लागलेले. म्हणजे वायरी धड होत्या, पलीकडे वीज होती. मग तिनं त्या काळ्या चौकटीत अक्षरं टाइप केली. लिनक्समध्ये मशीनला दुसऱ्या मशीनला हाक मारायला सांगता येतं. पलीकडचं जिवंत असेल तर ओ येते. स्वतःला हाक मारली, ओ आली. बाहेर कंपनीला मारली, काहीच नाही. खाली हिंमतरावांच्या मशीनला मारली, तिथूनही काही नाही.

"हे विचित्र आहे," ती म्हणाली. "बाहेरची लाइन मेली असती तर आपली तीन घरं तरी आपसात बोलली असती. मशीनमधला भाग बिघडला म्हणावं, तर दोन्ही बाजूंचा एकाच सकाळी कसा बिघडेल?"

"लिनक्स!" हिंमतरावांनी जिलबी तोडली. "दोन्हीकडून बिघडतं ते."

तेवढ्यात केबलवाला जिग्नेश आला, सणाचे कपडे घालून आणि वैतागून. संपदानंच त्याला फोन केला होता. "बेन, मारी लाइन बराबर छे. आत्ता खांबावर चढून आलो, नवी पँट आहे पाहा. तिथल्या डब्यावर बत्ती लाल आली तर माझा वांक, माझी चूक. हिरवी आहे तर तुमच्या घरातला."

"याला कशाला बोलावलंस गं सणाचं?" स्वयंपाकघरातून चारुलताबाईंचा आवाज आला. "उद्या बघितलं असतं."

"उद्या कसं काकू? आज संध्याकाळी पुसणार आहेत ना."

आत खलबत्त्यातली वेलदोड्याची कुटकुट थांबली.

४. खंडेनवमीचं कुंकू

"काका, परवापर्यंत चालू होतं. मग मध्ये काय झालं? सगळं सांगा."

"मध्ये काय होणार? काल खंडेनवमी. सकाळीच काढलं सगळं."

बडोद्याच्या आमच्या घरांतून खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं पुजतात. घोरपड्यांकडे तलवार निघते, सबनिसांकडे बोरू आणि दौत. अभिजित शिकायला लागल्यापासून कॉम्प्युटरही पाटावर बसायला लागला. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, हा नियम. काळी चौकटही त्या दिवशी सुट्टीवर आणि शेजाऱ्यांचं नेटही. अभिजितलाही ते ठाऊक.

"मी स्वतः वायरी काढल्या," दीनानाथ सांगत होते. "पाटावर मांडलं. हळदकुंकू वाहिलं. डब्याला, पडद्याला, की-बोर्डला. वायरींनासुद्धा, त्याही यंत्राचेच अवयव. लोकरीला रंग लागेल म्हणून तिच्या शेजारी बोट टेकवलं. आज सकाळी पूजा हलवली आणि लोकर बघून परत घातल्या. लाल लाल टिकलीत, हिरवी हिरव्या टिकलीत. मी दफ्तरातला माणूस आहे, संपदा. खूण बघितल्याशिवाय हात लावत नाही."

"काल पाटाजवळ कोण कोण आलं होतं?"

"हिंमतराव आरतीला. हा जिग्नेश पावती द्यायला आला होता, प्रसाद खाऊन गेला."

"हां, शिरा हतो, मस्त हतो," जिग्नेशनं दुजोरा दिला आणि सगळे आपल्याकडे बघतायत असं दिसल्यावर घाईनं म्हणाला, "पण मी कशाला हात लावला नाही, माताजीना सम, शप्पथ!"

"माझ्याकडे बघू नका," हिंमतराव म्हणाले. "मी आरतीत घंटा वाजवत होतो. दोन्ही हात बिझी."

संपदा पुन्हा मागे वाकली. डब्याच्या पाठीवर कुंकवाचं बोट होतं. की-बोर्डच्या कोपऱ्यात होतं. पडद्यावर तर चारुलताबाईंच्या कपाळावरच्याएवढं मोठं होतं.

दोन्ही वायरींवर मात्र कुठेच नव्हतं.

तिनं लाल लोकर हळूच नखानं बाजूला सरकवली. खाली, लोकरीनं झाकलेल्या निळ्या प्लॅस्टिकवर, बोटाचा लाल ठसा. मग हिरवी सरकवली. तिथेही तसाच.

तिनं लोकरीची टोकं पाहिली, बराच वेळ पाहिली. आणि उभी राहिली.

"काय मिळालं?" हिंमतरावांनी विचारलं.

"तहान लागली," संपदा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

५. टोकं

चारुलताबाई बासुंदी ढवळत होत्या. घरात साखर चालणारं माणूस एकटं त्या स्वतः, आणि पातेलं मात्र भरून.

"काकू, फोन पॅसेजमधून कॉम्प्युटरच्या टेबलावर कधी हलवला?"

"तो? सकाळीच. तिथे बरा दिसतो."

"सकाळी म्हणजे काकांनी वायरी लावायच्या आधी ना? खाली क्रोशाचा रुमालही घातलाय."

पळी थांबली.

संपदा हळू आवाजात म्हणाली, "कुंकू लोकरीखाली आहे. म्हणजे पूजा झाल्यावर कुणीतरी लोकर सोडली आणि पुन्हा बांधली, या वायरीची त्या वायरीला. काकांनी आज बिनचूक खुणा बघितल्या आणि म्हणूनच वायरी चुकीच्या खाचांत गेल्या. दोन्ही दिवे लागतात, कारण दोन्हींत वीज आहे. पण मशीन बाहेरच्यांना घरात हाक मारतंय आणि घरातल्यांना बाहेर."

"मग जिग्नेशनं केलं असेल."

"जिग्नेशला लोकर म्हणजे काय माहीतच नाही, तो वायर बाहेरच्या डब्यापासून ओळखतो, आत त्यानं कधी हात घातला नाही. हिंमतकाकांना मशीन बंदच पाडायचं असतं तर वायर ओढून तोडली असती आणि स्वतःचा पत्त्यांचा डाव तरी आधी संपवला असता. ज्यानं केलं त्याला काही मोडायचं नव्हतं, आणि काका फक्त खूण बघून लावतात हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि काकू, अभिजितनं बांधली होती ती बुटाच्या नाडीसारखी गाठ. मी रोज बघायची, टोकं लोंबायची. आता टोकं सुईनं आत ओवलेली आहेत. स्वेटरची ओवतात तशी."

चारुलताबाईंनी गॅस बारीक केला.

"लोंबती टोकं बघवत नाहीत गं मला," त्या म्हणाल्या. आणि मग बासुंदी एकदा ढवळून, "वर्ष होत आलं. 'गोळी घेतली का.' 'घेतली.' हे काय बोलणं झालं? यंत्र नसतं ना, तर दोघांपैकी एकाला केव्हाच फोन करावा लागला असता. ते यंत्र त्यांची लाज सांभाळत होतं. मला वाटलं, बंद पडलं की हे झक मारत त्याला विचारतील. दुसऱ्या कुणाला त्यातलं काय कळतं? म्हणून फोन जवळ आणून ठेवला. आणि हे उठून हिंमतरावांकडे गेले! पोराला फोन करण्यापेक्षा सगळं पुसून टाकणं सोपं वाटलं यांना."

"मग सांगा ना खरं काकांना."

"सांगितलं की हे वायरी बदलतील. चालू होईल. आणि संध्याकाळी पुन्हा 'घेतली'." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तो दुकानदार दारात आला की सांगणार होते. अगदी दारात आला की."

बाहेरून हिंमतरावांचा आवाज आला. "आला बरं का! स्कूटर लागली खाली!"

संपदानं पाण्याचा पेला भरला, प्यायली नाही, तशीच ठेवून बाहेर गेली.

६. ठेवू नकोस

"काका," ती म्हणाली, "मला नाही कळत. माझी हद्द संपली."

हिंमतरावांनी जिलबीचा हात कपाळाला लावला. "ऐका! फिजिक्सच्या बाईंना कळत नाही!"

"एक गोष्ट अभिजितला विचारावी लागेल. ती त्यालाच माहीत. आणि विचारणाराही मशीनसमोर बसलेला हवा, म्हणजे तुम्हीच."

दीनानाथांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. मग क्रोशाच्या रुमालाकडे. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे आता कुणीच ढवळत नव्हतं. जिन्यात दुकानदाराची पावलं वाजत होती.

त्यांनी नंबर फिरवला. नंबर पाठ होता, ते खोलीतल्या सगळ्यांना तेव्हाच कळलं.

पलीकडे पहिली घंटा पुरी वाजलीसुद्धा नाही.

"आई?"

"मी बोलतोय."

हिंमतरावांच्या हातातला फाफडा पुड्यात परत गेला.

"ती लाल लोकर," दीनानाथ खाकरले, "कुठल्या वायरीला होती?"

"बाहेरच्या, बाबा."

"लाल टिकलीतच घातलीय मी."

"दोन्ही दिवे लागलेत?"

"लागलेत."

"मग लोकरीची अदलाबदल झालीय. वायरी उलट घाला." मग त्यानं विचारलं, "कुणी बदलली असेल?"

दीनानाथांनी दाराकडे पाहिलं. चारुलताबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, हातात पळी.

"उंदरांनी," ते म्हणाले. "सोसायटीत उंदीर फार झालेत. टोकंबिकं आत ओवून ठेवतात." मग रिसीव्हर टेबलावर ठेवता ठेवता पुन्हा कानाला लावला. "मी वायरी बदलून येतो. फोन ठेवू नकोस. ऐकलंस ना? ठेवू नकोस."

ते टेबलाखाली शिरले. दारात आलेल्या दुकानदाराला जिग्नेशनंच जिलबी देऊन बसवलं. पडद्यावरची काळी चौकट एकदा लुकलुकली आणि तिच्यात ओळ उमटली: गोळी घेतली का?

दीनानाथांनी ती वाचली. की-बोर्डकडे हात गेला आणि मध्येच फोनकडे वळला.

"घेतली रे," ते म्हणाले. "तू जेवलास का?"

आता जमाखर्च. हिंमतरावांनी मुहूर्त गमावला. पण 'फिजिक्सच्या बाईंना कळलं नाही' एवढी जमा त्यांच्याकडे राहिली आणि ती त्यांनी वर्षभर बाकावर खर्च केली. ती नाचक्की संपदानं निमूट सोसली, त्या वर्षभरात एका शब्दानं खुलासा केला नाही. जिग्नेशची नवी पँट खांबाच्या तारेत फाटली होती, ते त्याला घरी गेल्यावर कळलं. अभिजितला दिवाळीला घरी यावं लागलं आणि नोकरीवरून वडिलांशी पुन्हा भांडावं लागलं, या वेळी समोर बसून.

सगळ्यांत जास्त भरलं चारुलताबाईंनी. त्या दसऱ्यापासून बाप-लेक रोज संध्याकाळी फोनवर असत, कधी वायरींवरून, कधी फुकट वाटण्यावरून, आवाज खालच्या मजल्यापर्यंत येई. पानं वाढून झालेली असत. आमटी निवे. त्या उठून ती गरम करत, पुन्हा निवे, पुन्हा गरम करत. हे नुकसान त्यांनी कुणाकडून कधी वसूल केलं नाही.